ट्रॉलीची पिन

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी पाठीकडे जातो. वार झाला नव्हता, नुसतं रबर टेकलं होतं. पण ते ओघात येईल.

तेव्हा मी गेवराई तालुक्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. हद्दीत गोदाकाठ, काठावर वाळू आणि वाळूमागे माणसं. मी प्रशिक्षण केंद्रात कराटेत पहिली आले होते, हे कोणी न विचारताच सांगायची मला सवय होती. टेबलाच्या काचेखाली पाय कानापर्यंत उचललेला माझा फोटो होता. आमचे हवालदार चहाचा कप नेमका त्याच्यावर ठेवायचे. मला वाटायचं, चुकून ठेवतात.

एका दुपारी आमचा खबऱ्या आला. उमापूरच्या स्टँडवर दिवसभर बसून राहणारा माणूस. ठाण्यात आला की आधी पंख्याखालची खुर्ची बघायचा.

"मॅडम, ट्रॅक्टर गॅरेजच्या मागं चार-पाच जण रोज जमतेत. एका बाईला मधी घेतेत अन् कोयते घेऊन घेरतेत. कोयत्याला काळं काहीतरी गुंडाळलेलं हाय. दरोड्याची तयारी दिसती."

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भागात कोयता नसलेलं घर शोधावं लागतं. नुसत्या कोयत्यावरून मी खुर्चीतून उठलेही नसते. पण काळं गुंडाळलेलं? पातं चमकू नये म्हणून, दुसरं काय! माझ्या डोक्यात बढतीची फाईल सरकायला लागली. स्टेशन डायरीला नोंद केली, सापळा ठरवला, पंच बोलावले. आमचे पंच कायमचे, समोरचा चहावाला आणि त्याच्या शेजारचा शिंपी. ठाण्यासमोर दुकान थाटल्याची शिक्षा ते दोघे वर्षानुवर्षं भोगत होते.

मी साध्या वेषात, साडी नेसून, एकटी पुढे जाणार आणि हवालदार चार शिपाई घेऊन बाहेर थांबणार, असं ठरलं.

"मॅडम, मी येऊ का संगं?" हवालदारांनी विचारलं.

"मामा, चौघांना मी पुरून उरेन."

"तसं न्हाई. तुमाला आणायला कोणी तरी पायजे म्हणून म्हणलो."

मी गॅरेजमधून मागच्या अंगणात गेले. खरंच चार माणसं काळे कोयते घेऊन उभी होती, मध्ये एक सलवार-कमीज घातलेली बाई होती आणि बाजूला बाजेवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. मी "हात वर" म्हणायच्या आत म्हाताराच म्हणाला, "या बाई, नवीन का? चप्पल तिकडं काढा. घ्या रे हिला मधी."

चौघांनी मला घेरलं. मी फोटोतली पोज घेतली. समोरच्या कोयत्यावर नजर रोखली, पाय उचलला, आणि तेवढ्यात पाठीला काहीतरी मऊ टेकलं.

"बाई, तुम्ही मेल्या," मागचा म्हणाला.

मी गर्रकन वळले. आता पाठ दुसऱ्याकडे झाली. त्यानंही टेकवलं. "परत मेल्या."

तेवढ्यात हवालदार शिपायांसकट आत आले. चित्र बघून त्यांनी रुमाल तोंडाला लावला. सगळ्यांना ठाण्यात आणलं.

कोयते टेबलावर मांडले. ट्यूबचं रबर पात्यावर घट्ट गुंडाळून वर सुतळी बांधलेली. "हत्यार लपविण्याच्या उद्देशाने," असं मी सांगून लिहून घ्यायला लागले. हवालदारांनी एक कोयता उचलून स्वतःच्या हातावर फिरवला. "मॅडम, ह्यानं भेंडी बी कापायची न्हाई."

मी चौकशी सुरू केली. बाई त्या भागाच्या तलाठी निघाल्या. चौघांपैकी दोन त्यांचे कोतवाल, म्हणजे गावात तलाठ्याच्या हाताखाली काम करणारे, आणि दोन गॅरेजमधली पोरं. म्हातारा गॅरेजचा मालक. मोहरमच्या आखाड्यात लाठी शिकवण्यात त्याचा जन्म गेलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

"काय चाललं होतं?" मी आवाज चढवून विचारलं.

"मरायचं कसं न्हाई, ते शिकत होते," तलाठी बाई म्हणाल्या. "वाळूचा ट्रॅक्टर अडवायला गेले की चार जण कोयते घेऊन उतरतात. माझ्या आधीचे भाऊसाहेब हात गळ्यात बांधून बदलीवर गेले. परवा ते वाळूवाले मला म्हणले, पुन्हा घाटावर दिसलीस तर आईनं तुला ओळखायची न्हाई. माझं घर इथं, आई इथं. बदली मागायची न्हाई. मग दुसरं काय करू?"

"पोलिसांकडे यायचं."

"बंदोबस्त तीनदा मागितला, मॅडम. मनुष्यबळ नाही म्हणून कळवलंत. सही तुमचीच होती."

हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले.

बाईंनी शिकवणारा शोधायला जिल्हाभर पायपीट केली होती. बीडच्या क्लासमध्ये पोरांना पट्टे वाटत होते. तिथल्या सरांना यांनी विचारलं, चार जण एकदम आले तर? सर म्हणाले, तो भाग पुढच्या वर्षी. मोबाईलवर बघितलं तर त्यात हल्ला करणारे शहाण्यासारखे एकेक करून येत होते, मागचे आपला नंबर येईपर्यंत थांबत होते.

"आमच्या घाटावरचे तेवढे शिस्तीचे न्हाईत," बाई म्हणाल्या.

मी उस्तादांकडे वळले. "आणि तुम्ही काय शिकवता?"

"पळायला," उस्ताद म्हणाले. "चौघांशी लढणारा एक तर दारू पिलेला असतो, न्हाई तर..." त्यांनी काचेखालचा फोटो बघितला आणि वाक्य तिथंच सोडलं. "चौघं एकामागं एक येतील असं फिरायचं. पाठ उघडी ठेवायची न्हाई. अन् निघायची वाट आधी बघायची. आपली बी, त्यांची बी."

सगळ्यांना सोडून दिलं. पण मला एक गोष्ट टोचत होती. खबऱ्याला हे दिसलं कुठून? मी पुन्हा गॅरेजमागच्या बोळात गेले. भिंतीला खिडकी नाही, फट नाही. मी उंचीनं बेताची, त्यामुळे टाचा उंचावल्या, उडी मारली. उडी मारणाऱ्या फौजदारीण बाईला बघायला बोळात म्हशी जमल्या, पण अंगण काही दिसलं नाही. शेवटी उंच शिपायाला उभं केलं. त्यालाही विटाच दिसल्या.

खबऱ्याला बोलावलं, पंख्याखाली बसवलं, चहा दिला. माझा अनुभव आहे, दटावल्यावर माणूस तोंड मिटतो आणि कौतुक केलं की सैल होतो.

"नजर लई तेज हाय तुझी," मी म्हणाले. "एवढ्या उंच भिंतीपलीकडचं दिसलं कसं?"

"वाळूवर उभा होतो ना, मॅडम. ट्रॉली भरलेली होती, चांगली उंच..."

कप खाली ठेवायलाही त्याला सुचेना.

"कोणाची रे ट्रॉली?" हवालदारांनी प्रेमानं विचारलं.

तो त्याच वाळूवाल्यांचा माणूस होता. बाईंची तालीम बंद पडावी म्हणून त्यांनीच खबर पेरली होती आणि मी ती डायरीत चढवून पेरणी पूर्ण केली होती. ट्रॅक्टर पुन्हा कधी भरणार, तेही त्यानं चहा संपायच्या आत सांगितलं.

त्यानं सांगितलेल्या दिवशी उजाडता उजाडता घाटावर गेलो. तलाठी बाई आणि कोतवाल पुढे, आम्ही बाभळींच्या आड. बाई ट्रॅक्टरपाशी पोचल्या तसे चौघं उतरले. या वेळी कोयत्यांना रबर नव्हतं. बाई मागे सरल्या नाहीत आणि पुढेही गेल्या नाहीत. ट्रॉलीच्या कडेकडेनं फिरत राहिल्या. एका बाजूला ट्रॉली, दुसऱ्या बाजूला बाभळीचे काटे, मधल्या बोळकांडीत चौघं एकामागं एक अडकले. पुढच्याच्या खांद्यावरून मागचा नुसता शिव्या देत होता. बाई ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधून क्षणभर वाकून पलीकडे निघाल्या आणि पळत सुटल्या.

मी शिट्टी वाजवली आणि जीपमधून उडी घेतली. ओल्या वाळूत गुडघ्यापर्यंत रुतले. कराटेत यावर काही शिकवलेलं नव्हतं.

पोलीस दिसताच चौघं भराभर ट्रॉलीतल्या वाळूवर चढले. "चल बे, हाण!" एक ओरडला. ड्रायव्हरनं हाणला. ट्रॅक्टर धूर सोडत धावत गेला आणि ट्रॉली जागीच राहिली. तिचं तोंड खाली आपटलं, वाळू घसरली आणि वाळूबरोबर चौघं कोयत्यांसकट माझ्या शिपायांच्या पायाशी येऊन बसले. ड्रायव्हर दुपारी स्वतःच आला. रिकामा ट्रॅक्टर घेऊन मालकाकडे जायची त्याला भीती वाटत होती.

मी एक बूट वाळूत सोडून ट्रॉलीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले, फोटोतल्यासारखी. तेवढ्यात पाठीला काहीतरी थंड टेकलं.

"मॅडम," मागून तलाठी बाई म्हणाल्या, "परत मेल्या."

त्यांच्या हातात ट्रॉलीची पिन होती, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी. ती आम्ही मुद्देमालात जमा केली. बाईंनी बदली मागितली नाही आणि बंदोबस्ताच्या कागदावर मनुष्यबळ नाही असं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

नोकरीत मी पुष्कळ शूर माणसं बघितली, त्यातली बरीचशी दवाखान्यात. हत्यार घेऊन आलेल्यांची संख्या मोजत बसू नये, ते कशात बसून परत जाणार ते बघावं, हे मला त्या केसनं शिकवलं. कराटेचा फोटो नातवानं मागितला, देऊन टाकला.

आता लग्नाकार्यात गेले की मी भिंतीलगतची खुर्ची धरते आणि पाठ टेकून बसते. सुनेला वाटतं, सासूबाईंची कंबर दुखते. ती लगबगीनं उशी आणून देते. मी घेते.