पंख्याचं बटण

हे मी घरात कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि आमच्यात लपवाछपवी तशी नसते — दिवसभर राबून आल्यावर लपवायला ताकद कुठून आणायची? पण एवढं एक राहिलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बरं पडतं.

मी साताऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीच्या प्रदर्शनात रांगोळीनं माणसांचे चेहरे काढते. जमिनीवर ओणवं होऊन, चिमटीनं रंग सोडत. लोक येतात, फोटो काढतात, हुबेहूब म्हणतात. मला मात्र त्या चेहऱ्यात चुकाच दिसतात. एका दिवाळीला मी फोटो फेसबुकवर टाकले. सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं, आणि कुणा अनोळखी माणसानं लिहिलं — डोळ्यांत जीव नाही. कौतुकातला एक शब्द आठवत नाही बघा. हे तेवढं पाठ आहे.

त्याच्या पुढच्या दिवाळीची गोष्ट. माण तालुक्यातल्या एका खेड्यातला जवान ड्यूटीवर असताना गेला होता. त्याचा चेहरा काढायचं काम माझ्याकडे आलं. उद्घाटन त्याच्या आईच्या हस्ते होतं. फोटोतला पोरगा हसत होता, आणि हसरा चेहरा रांगोळीत काढणं लय अवघड. गाल जमले, मिशी जमली. डोळे जमेनात. पुसायचे, पुन्हा भरायचे. कंबर मोडली, बोटं बधिर झाली, तरी आपलं चालूच. कुणाला आत येऊ दिलं नाही, फोटोही काढू दिला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी डावा डोळा — कसं सांगू — किंचित झुकलेला वाटला. खरंच झुकलेला होता का? आज मला सांगता येणार नाही. पण तेव्हा वाटलं, आता सगळा गाव येणार, मोबाईल काढणार, आणि परत कुणीतरी तेच लिहिणार.

हॉल सांभाळायला एक शिपाई होते. वयस्कर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी त्यांना ट्यूबलाइट बंद करून चहा आणायला सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि गेले. मग मी उठले. शेजारचंच बटण पंख्याचं. ते मी लावलं.

हो, मीच. धक्का लागून नाही, चुकून नाही. पंखा आधी कुरकुरला, मग जोरात फिरायला लागला, आणि तो हसरा चेहरा फरशीवर पसरत गेला. मी बघत उभी राहिले. खरं सांगू? हलकं वाटलं मला. आता कुणी नावं ठेवणार नव्हतं. मग मी बाहेर जाऊन नळावर हात धुतले.

परत आले ती चार माणसांबरोबर. दार उघडलं आणि मी एवढंच विचारलं, पंखा कुणी लावला? बघा, यात खोटं काहीच नाही — नुसता प्रश्न. सगळ्यांनी चहाची किटली घेऊन आलेल्या मामांकडे बघितलं. आयोजक त्यांना नको नको ते बोलले. मामा बटणांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझंच बोट लागलं आसंल."

तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. पण तेवढ्यात ती माउली आली, भावाचा हात धरून, एसटीनं. डोक्यावरचा पदर सावरत फरशीवरच्या रंगाकडे बघत राहिली. मामा पुढं झाले आणि सगळ्यांदेखत तिच्या पायाशी वाकले. ती म्हणाली, "आसू दे रं दादा. वाकडंतिकडं आसतं तरी चाललं आसतं मला. माझंच प्वार हुतं की."

मी तिथंच फरशीवर बसले. लोकांना वाटलं, एवढ्या कष्टावर पाणी पडलं म्हणून. कुणीतरी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बाई स्वतः जवळ आली आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

आता मामा रिटायर झालेत. मी अजून रांगोळ्या काढते, लोक अजून हुबेहूब म्हणतात. मामा कधी राजवाड्यापाशी भेटतात. भेटले की पिशवी खाली ठेवून हात जोडतात आणि म्हणतात, मॅडम, तेवढी एक चूक झाली बघा माझ्या हातनं, माफ करा.

आणि मी — जाऊ द्या हो मामा, म्हणते. दर वेळी माफ करते त्यांना.