आक्काच्या ओठांकडे कुणी पाहिलं नाही

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. न्यूमोनिया. धावत हॉस्पिटलात पोचलो, तर शेजारच्या काकू तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, तोंड कसं शांत झालंय आता..." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला मात्र संताप आवरेना. कुणी वेळेवर बघितलं असतं, तर ते जिवंतपणीच शांत राहिलं असतं.

माझी ही थोरली बहीण नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीजवळ बालवाडीत शिकवायची. पंचविशीत तिला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीपलीकडून कुणी शिव्या देतंय म्हणून ती कानांत कापूस कोंबून बसे. तेव्हा हॅलोपेरिडॉल नावाच्या जुन्या गोळीनेच तिला आमच्यात परत आणलं, हे मी विसरणार नाही. एका सकाळी ती म्हणाली, "अरे, आज कुणीच बोलत नाहीये रे..." आणि रडली. काही महिन्यांत ती पुन्हा पोरांना गाणी शिकवू लागली.

पण पुढे? वर्षानुवर्षं दवाखान्यात नंबर लागायचा आणि डॉक्टर मान वर न करता म्हणायचे, "झोप येते ना? चालू ठेवा." तिचे ओठ काही चघळल्यासारखे आपोआप हलू लागले, जीभ बाहेर येऊ लागली. मी विचारलं, तर "आजाराचाच भाग आहे." पालकांनी तक्रार केली, बाई पोरांना वेडावून दाखवतात. बालवाडी सुटली.

शेवटी परळच्या एका डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून जीभ, बोटं नीट पाहिली. "हे गोळीमुळे झालंय. अधूनमधून तपासायला हवं होतं. लवकर कळतं, तर डोस कमी करता आला असता, औषध बदलता आलं असतं. आता पूर्ण जाईलच असं नाही."

आक्का म्हणाली, "म्हणजे मी वेडावत नव्हते ना? मग बालवाडीत जाऊन सांगा की कुणीतरी!"

मी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, बस्स. औषध हळूहळू बदललं. ओठ थोडे थांबले, पूर्ण नाहीत. गोळी बंद करा, असं मी कुणालाही सांगणार नाही. तिच्यावाचून आक्का केव्हाच संपली असती. पण गोळी लिहून देणाऱ्याला समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायला असा किती वेळ लागतो?

परवा तिचं कपाट आवरलं. नेसलेल्या प्रत्येक साडीच्या पदराचा एकच कोपरा चुरगळून विटलेला... चारचौघांत ओठ झाकायला ती तोच धरायची. बायको म्हणाली, "चांगल्या आहेत, देऊया कुणाला तरी." एक साडी नवी होती, कधी न नेसलेली. तेवढीच दिली.