साडूंना ‘थांबा’ म्हणता येत नाही

आमच्या साडूंइतका लाजरा माणूस आख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्यापायी चारचौघांत माझी जेवढी शोभा झाली तेवढी माझ्या स्वतःच्या करणीनंसुद्धा कधी झालेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस शिकलेला, इंजिनियर, दिसायला बरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त ‘थांबा’ हा एक शब्द त्यांच्या तोंडातून निघत नाही. आपल्यामुळं दुसऱ्याला घटकाभर थांबावं लागलं तर त्यांना चोरी करताना सापडल्यासारखं होतं. मी वडवणीत खताचं दुकान चालवतो, तेही तिथंच राहतात. हमालांवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय, की बायको म्हणते, तुम्हाला फोन लागतो कशाला. तेव्हा आम्ही दोघं बरोबर निघालो की लोकांना फुकट करमणूक मिळते.

एकदा नेकनूरला एक साखरपुडा उरकून आम्ही फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. मी पानाच्या टपरीवर गेलो आणि बसला हात करायचं काम साडूंवर सोपवलं. बस आली. साडूंनी हात उचलला, कानापर्यंत नेला आणि कान खाजवत उभे राहिले. बस गेली. मागून दुसरी आली, तिलाही त्यांनी कान खाजवूनच वाटेला लावलं. टपरीवरची माणसं माझ्याकडं बघून हसायला लागली. “आवो, हात कावून न्हाई केला?” मी विचारलं. “भरलेली होती, दाजी. येवढी मानसं आपल्यापायी थांबवायची म्हंजी…” मेहुणी मला दाजी म्हणते म्हणून तेही म्हणतात. पंगतीत तर यांना घेऊन बसूच नये. एका लग्नात बुंदीचा वाढपी शेजारच्याशी गप्पा मारता मारता यांच्याच ताटात वाढत राहिला. हे आपले हसून ताटाकडं बघताहेत. बुंदीचा डोंगर झाला. वरपक्षाची मंडळी आमच्याकडं अशी बघायला लागली, की जणू आम्ही वर्षभर उपाशी होतो. बरं, ताटात टाकायचीही यांना लाज, म्हणून ती सगळी खाल्ली. मी शेजारी मठ्ठा पीत बसलो आणि या माणसाशी आपलं काही नातं नाही असा चेहरा करून ठेवला.

त्यांच्या कामाविषयी मला बरेच दिवस एवढंच ठाऊक होतं, की ते घरी बसून कॉम्प्युटरवर ‘मोठाली टेबलं पुन्हा बांधतात’. मी हे कौतुकानं गावभर सांगितलं. झालं, दिंद्रुडचं माझं एक गिऱ्हाईक मोडकं लाकडी टेबल टेम्पोत घालून त्यांच्या दारात हजर. साडूंना नाही म्हणवेना. त्यांनी सुताराकडून ते नीट करून घेतलं आणि वर घरपोच पाठवलं. त्यानंतर मेहुणीनं मला समोर बसवून खरा प्रकार समजावला. पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्याच्या काट्यावर जी जी उसाची गाडी चढते, तिचं वजन कॉम्प्युटरातल्या एका लांबलचक यादीत जातं. त्या यादीला टेबल म्हणतात. वर्षानुवर्षांच्या गाड्या साठून टेबल अवाढव्य होतं, खोडलेल्या नोंदींची त्यात भोकं पडतात, आणि ऐन हंगामात ते इतकं फुगतं की एक वजन नोंदवायला काटा कुंथायला लागतो. मग ते नव्यानं बांधावं लागतं. बाकीचे लोक काटा बंद ठेवून बांधतात. साडू चालू काट्यावर बांधतात.

ते कसं, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरानं शिकवलं. जुनं पाडून नवं करायचं होतं, पण बायकोचा एक वेळचा स्वयंपाकसुद्धा थांबवायची यांना लाज. त्यांनी शेजारच्या खोलीत दुसरं स्वयंपाकघर उभं केलं. एकेक डबा तिकडं भरत गेले, आणि मधल्या दिवसांत जुन्या डब्यात साखर पडली की तेवढीच नव्यातही टाकत राहिले. दोन्हीकडं सारखं झाल्याची खात्री पटली, तशी मेहुणी शेजारणीकडं विरजण आणायला गेली तेवढ्यात गॅस उचलून पलीकडं नेला. “मला तर कळलंच न्हाई, दाजी,” ती म्हणाली. जुनं स्वयंपाकघरही त्यांनी पुढं काही दिवस तसंच ठेवलं, न जाणो नव्यात काही चुकलं तर परतायला जागा असावी. टेबलाचंही तस्संच. शेजारी नवं उभं करायचं, येणारी प्रत्येक नोंद दोन्हीकडं लिहायची, आणि शेवटी दोघांच्या नावांची अदलाबदल करायची. कुणाला पत्ता लागत नाही, आणि पत्ता न लागणं हीच त्यांची कमाई.

गेल्या हंगामात एका दुपारी मेहुणीचा फोन आला. “दाजी, हे सकाळधरनं फोन हातात घिऊन बसलेत. जेवले न्हाईत. तुमी या.” जाऊन बघतो तर साडू घामाघूम. नवं टेबल तयार होतं. पण नावांची अदलाबदल करायची तर क्षणभर काट्यावर एकही वजन चालू असून भागत नाही. एरवी दोन गाड्यांच्या मध्ये तेवढी फट मिळायची. त्या दिवशी रांग अशी, की एक गाडी उतरते न उतरते तोच दुसरी काट्यावर. आता काट्यावरच्या कारकुनाला फोनवरून ‘थांबवा’ म्हणण्यावाचून इलाज नव्हता. साडूंनी त्याला तीनदा फोन लावून तीनदा तब्येत विचारली होती.

“म्हना की थांबवा!” मी ओरडलो.

“वझ्याखाली बैल उभे ऱ्हात्यात, दाजी. मानसं पहाटपासून रांगेत हायेत.”

“मंग नका म्हनू.”

“न म्हनून चालत न्हाई. दोन्ही टेबलं वाढायलीत. मशीनमधी जागा संपत आली. संपली की काटाच बंद. मंग दोन-दोन दिवस समदेच बसत्याल.”

मी त्यांच्या हातातला फोन हिसकावला आणि गरजलो, “थांबवा तो काटा!” पलीकडून कारकून थंडपणे म्हणाला, “तुम्ही कोण? साहेबांनी सांगितल्याशिवाय आम्ही थांबवत नसतो.” मेहुणीसमोर माझी ही किंमत झाली. फोन परत साडूंकडं गेला. ओठ हलले, आवाज नाही. मग डोळे मिटून, थोरामोठ्याला शिवी द्यावी तसे ते कसेबसे म्हणाले, “थांबवा जरा.” फोनमधून बैल आवरल्याचा आवाज आला. साडूंची बोटं चालली. मी खुर्ची ओढून टेकतो तोवर ते म्हणाले, “झालं. सोडा गाडी.”

दुसरा कोणी असता तर पेढे मागवले असते. यांनी कारकुनाला विचारलं, काट्यावर कोण होतं? त्यानं गाडीवानाचं नाव सांगितलं, गाव वडवणी. आमच्या गल्लीमागच्या वस्तीतलं जोडपं, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं. साडूंचा चेहरा पडला. उरलेला हंगाम ते त्या घरापुढून जायचं टाळत राहिले, घराला कुलूप होतं तरी.

कारखाना बंद झाला, माणसं परतली, तेव्हा साडू माझ्या दुकानात आले. माफी मागायची होती आणि एकट्यानं जाववत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घटकाभर गाडी थांबली म्हणून माफी मागायला निघालेला माणूस कुणी बघितलाय? तरी गेलो. बाई दारात भांडी घासत होती, नवरा बाजेवर बसला होता. साडूंनी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि हसली.

“कवा थांबलतो? आमी तर सदा थांबलेलोच आसतो, साहेब. काट्यावर थांबायचं, गाडी खाली व्हाया थांबायचं, मुकादम येईस्तोवर थांबायचं. त्यातलं तुमचं कोन्तं, ते आमाला काय कळतंय?”

“येवढ्यासाठी आलाव?” नवरा म्हणाला, आणि मग दोघंही एकदम ओशाळली. थांबवल्याबद्दल त्यांच्या दारात आजवर कोणी आलेलं नव्हतं, आणि अशा पाहुण्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. चौघांनी चार दिशांना बघत चहा घेतला.

वाटेत साडू म्हणाले, “दाजी, मंग मी येवढी वर्सं कोनाचा येळ वाचवायलो होतो?” इतके दिवस ज्या स्वभावापायी मी या माणसाची चारचौघांत टिंगल केली, त्या टिंगलीची मला त्या रस्त्यावर फार शरम वाटली. मी नुसता त्यांच्याबरोबर चालत राहिलो.

यंदा गाळप सुरू झालं. परवा गेलो तर साडू पुन्हा त्याच कामात. शेजारी नवं टेबल उभं केलेलं, आणि हे गाड्यांमधली फट शोधत बसलेले. मी म्हटलं, “त्यांना फरक पडत न्हाई म्हनलेत ना ते? मंग द्या की काटा थांबवून.” कॉम्प्युटरवरची नजर न काढता ते म्हणाले, “नगं, दाजी. त्यांच्या थांबन्यात आपलं नगं.”

ते जोडपं दिवाळी होताच गेलं. आता या घडीला ती दोघं कुठल्यातरी रांगेत उभी असतील. ते साडूंमुळं नसेल, एवढं मला नक्की ठाऊक आहे. बाकी ज्यांच्यामुळं असेल, त्यांच्यातलं कुणी त्यांच्या दारात जाऊन खाली मान घालेल, असं मात्र वाटत नाही.