न चोरलेला लोटा

सांगतो, पण आधी हातातला चहा संपवा. नंतर तो घशाखाली उतरायचा नाही. माझ्या नोकरीतली फजिती ऐकायचीय ना? मग हसायचं तेवढं हसून घ्या. फक्त शेवटी 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवू नका. तेवढं मला सोसत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरहून हुकूम सुटला की चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या पोरांना तुरुंगात घालू नये, एखाद्या शहाण्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवावं. शहाणा माणूस आणायचा कुठून? मी अकोल्याला मास्तर होतो, मूळचा पुण्याचा होतो आणि मला चष्मा होता. सरकारला एवढा पुरावा पुरला! मला प्रोबेशन ऑफिसर करून अमरावतीला धाडलं.

काम काय, तर पोरांशी बोलायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, बोलून बोलून त्यांचं मन वळवायचं. आता बोलण्यात आम्ही कुणाला हार जाणार?

भाड्याच्या घराची पुढची खोली मी कचेरी केली. मध्ये पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे सरकार, पलीकडे संसार. बायकोला बजावून ठेवलं, "कचेरीतलं मी आत बोलणार नाही आणि आतलं तू कचेरीत आणायचं नाही."

ती म्हणाली, "अहो, पण एखादी गोष्ट दोन्हीकडची असली तर?"

"तशी गोष्ट नसते," मी म्हणालो. लक्षात ठेवा, हे मी म्हणालो.

पहिला कागद आला. किसन, वय तेरा. भांड्यांच्या दुकानातून पितळी लोटा उचलला. तीन महिने देखरेख, दर गुरुवारी सकाळी हजेरी. त्याच आठवड्यात बायकोनं बाजारात एका फुलमळेवाल्याला सांगितलं, दर गुरुवारी दत्ताला फुलं धाडत जा. त्याच्या मुलाचं नाव काय असावं? किसन! वऱ्हाडात किसन किती असतील म्हणता? चौकात उभं राहून हाक मारा, निम्मा बाजार 'काय जी' म्हणेल.

गुरुवार उजाडला. पुढच्या दारात एक काळासावळा पोरगा, हातात टोपली, वर ओलं फडकं.

"नाव काय?"

"किसन जी."

"दर गुरुवारी यायचं, ठाऊक आहे ना?"

"हाव जी. बाबानं सांगतलं."

"टोपलीत काय आहे?"

"शेवंती हाये जी."

"कुठून आणलीस?"

"वावरातून."

"कुणाच्या?"

"आमच्याच."

मी हसलो. चोरीचा माल नेहमी आपल्याच वावरातला असतो! "बस," म्हणालो.

"मले जा लागते जी. आज अजून दोन घरं करा लागतात."

अजून दोन घरं! अहो, माझ्या अंगावर काटा आला. तेरा वर्षांचं पोर, आणि केवढा हा निर्ढावलेपणा! मी त्याला बाकावर बसवलं आणि दीड तास प्रामाणिकपणाविषयी बोललो. तो फुलांवरचं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करत होता. सुकतील म्हणून. मला वाटलं, पुरावा झाकतोय. उठताना टोपलीतली फुलं बाकावरच ओतून तो पळाला, आणि मी कोर्टात निघून गेलो.

तिकडे खऱ्या किसनला पोलीस शिपायानं दम दिला होता, "पुढून साहेबलोक जातात, तू मागून जा." तो मागच्या दारी गेला. बायकोनं विचारलं, "किसनच ना रे तू?"

"हाव, बाई."

"फुलं ठेवलीस का?"

पोरानं मान हलवली. कसली फुलं ते त्याला कळेना, पण पोलिसांच्या हाताखालून गेलेलं पोर सगळ्याला मान हलवतं. तिनं पडद्याआडून डोकावलं, तर बाकावर शेवंतीचा ढीग. मग म्हणाली, "जेवून जा बाबा. आणि वेळ असला तर दोन घागरी पाणी शेंदून दे."

कोर्टानं ठोठावलेली शिक्षा ती हीच, असं त्याला वाटलं. भाकरी खाल्ली, पाणी शेंदलं, गेला. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा हजर. हे सगळं मला केव्हा कळलं म्हणता? कळायला नको तेव्हा.

इकडे माझं समुपदेशन जोरात!

"किसन, तू इथे कशासाठी येतोस?"

"फुलं द्याले जी."

"आणि त्यामागे काय आहे?"

त्यानं मागे वळून भिंत पाहिली.

तिसऱ्या गुरुवारी तो रडला. आईच्या डब्यातला गूळ न विचारता खाल्ला होता म्हणाला. मी मनातल्या मनात उडी मारली. सुरुवात झाली! "गुळावर थांबू नकोस," मी मायेनं म्हणालो, "लोट्याकडे ये."

"कोनता लोटा जी?"

मी नुसता चष्म्यावरून बघत राहिलो. ही माझी खास पद्धत. गप्प माणसापुढे पोरं फार वेळ टिकत नाहीत.

चौथ्या गुरुवारी तो आला तो सुकलेल्या तोंडानं. झोप झालेली दिसत नव्हती. खाली बघत म्हणाला, "साहेब, मले तं काई आठवत नाई. पन तुमी एवढे शिकलेले. तुमी म्हनता तं नेला असन मीच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, 'मुलाचे मन उघडले.' आज ती ओळ वाचली की वाटतं, चष्मा काढून ठेवावा आणि पुन्हा लावूच नये.

पाचव्या गुरुवारी टोपलीत शेवंतीखाली काहीतरी चमकलं. किसननं दोन्ही हातांनी काढून माझ्यापुढे ठेवलं. पितळी लोटा! घासून लख्ख केलेला.

"घ्या जी. आता झालं ना?"

मी त्याला जवळ घेतलं. झालं, म्हणालो. मुद्देमाल स्वतःहून हजर केला, मॅजिस्ट्रेट साहेब काय म्हणतील! आजच दाखवावा म्हणून कोट चढवत होतो, तेवढ्यात दारात एक उंच माणूस उभा राहिला. खांद्यावर शेला, पायांना काळी माती.

"राम राम साहेब. मी धोंडबा. फुलवाला. तुमी बिघडलेले पोट्टे सुधरवता म्हने?"

"प्रयत्न करतो," मी विनयानं म्हणालो.

"मंग माह्या पोट्ट्यालेबी घ्या जी हाताखाली. सोन्यासारखं लेकरू होतं. म्हैनाभर झाला, काय झालं त्याले काय मालूम. जेवत नाई, झोपत नाई. आन आज तं हद झाली. घरातून त्याच्या मायचा लोटा घेऊन पयाला! जल्मात पैल्यांदा चोरी केली हो त्यानं."

हे बोलता बोलता त्याची नजर बाकावर गेली. बाकावर त्याचा मुलगा. टेबलावर त्याच्या बायकोचा लोटा.

"किसन? तू काहून अजून अथी? फुलं देऊन घरी काहून नाई आला?"

मी कागदाचं पुडकं ओढलं, ह्या माणसाला नाव दाखवावं म्हणून. नाव होतं. बापाचं नाव भलतंच होतं. आणि कागदाला दुसरं पान होतं. मी ते पाच आठवड्यांत एकदाही उलटलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'लोटा त्याच दिवशी दुकानदारास परत मिळाला.'

नेमका तेव्हाच पडदा सरकला. बायको होती. "अहो, आवाज कसला? आणि हा किसन विचारतोय, आज पाणी किती शेंदू?" तिच्या मागे घागर घेतलेला दुसरा पोरगा.

आमच्या घरातली सगळी पितळी भांडी तोच घासून देत होता, बरं का! वाटीसुद्धा कमी झाली नव्हती.

मी धोंडबाला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा मला धरून बडवणार. बडवलं असतं तर उपकार झाले असते. तो नुसता खाली बसला. म्हणाला, "साहेब, मले काई सांगू नका. त्याले सांगा. तो तुमचंच आयकते आता."

मी किसनपुढे गुडघे टेकून बसलो. म्हणालो, "किसन, माझी चूक झाली. तू चोर नाहीस. तू काहीही चोरलं नाहीस."

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. आज उत्तर कोणतं द्यायचं, ते माझ्या तोंडावर शोधत होता.

"हाव जी," शेवटी म्हणाला. "तुमी म्हनता तं नसन."

बापानं एका हातात लोटा घेतला, दुसऱ्यात पोराचं मनगट, आणि दोघं गेले. बायकोनं त्या दिवशी पडदा काढून धुवायला टाकला.

दोन महिन्यांनी बाजारात तो मला दिसला. झेंडूच्या ढिगामागे बसला होता. मी हाक मारायच्या आत त्यानं मला पाहिलं आणि न विचारताच दोन्ही हात पुढे करून तळवे उघडून दाखवले. रिकामे. मी भाजी न घेता घरी आलो. त्या रस्त्यानं पुन्हा गेलो नाही.

तीन महिने भरले. खरा किसन शेवटपर्यंत मागच्या दारीच येत राहिला; आता त्याचा अहवाल लिहायचा होता. पोलिसांची तक्रार नाही, दुकानदाराची नाही, पोरगं बडनेऱ्याला स्टेशनवर चहावाल्याकडे कामाला लागलेलं. शेवटचा रकाना होता, 'सुधारणेचे कारण.' काय लिहू? निदान एकदा तरी खरं लिहावं म्हटलं. लिहिलं, 'सदर मुलाचे व प्रोबेशन ऑफिसरचे तीन महिन्यांत एकदाही बोलणे झाले नाही.'

आता नोकरी जाणार, हे मी धरून चाललो होतो. खरं सांगू? जावी अशीच इच्छा होती.

आठवड्यानं अहवाल परत आला. सोबत आणखी सात पोरांचे कागद जोडलेले. समासात मॅजिस्ट्रेट साहेबांचा तांबड्या शाईतला शेरा होता, 'पद्धत उत्तम. पुढील मुलांच्या बाबतीतही हीच चालू ठेवावी.'