तीन चिंचोके, चार चिंचोके

या, अशा जवळ बसा. आन् एक सांगू? रागावू नका... तुमी लोकं दोन ओळी वाचत नाही तर खाली लिहून मोकळे होता, "काकू, फेकू नका." आधी पुरतं ऐका तरी! मी भूतखेत मानणारी बाई नाही. अंगात येणाऱ्या बाईपुढं मी कधी हात जोडले नाहीत. पण वैशाखातल्या भर दुपारी माझ्या घरात जे झालं, त्याचं काय करू...

गाव आमचं शेलूबाजारपासून जीपनं अर्ध्या तासावर. गावाबाहेर पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. वीसेक वर्षांपूर्वी तिथं उत्खनन चालू होतं. नागपूरच्या मॅडम खाली खड्ड्यात, आन् मी नि माझ्या जोडीची गिरजा वर लिंबाखाली, समोरासमोर बसून खापरं धुवाले. जुन्या काळची फुटकी मडकी ती. ज्या थरातून निघाली त्या थराची टोपली वेगळी, थैली वेगळी. चिठ्ठी मी लिहायची. गिरजेले अक्षर येत नव्हतं, म्हणून ती तिसऱ्या थराच्या खापरांजवळ तीन चिंचोके ठेवायची, चौथ्याजवळ चार. तिची कधी चूक झाली नाही.

चूक माझी झाली. जेवाले उठताना पदर अडकला आन् दोन्ही टोपल्या कलंडल्या. तिसरा-चौथा एक झाला.

"मॅडमले सांग वं," गिरजा म्हणाली.

"कायले? खापरंच तं हायेत. कोणाले समजते?"

"मंग मी चिंचोके किती ठेवू, सांग!"

मी सगळं एका थैलीत भरलं, 'चौथा थर' लिहिलं, गाठ मारली. गिरजा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या पावसाळ्यात काविळीनं गेली बिचारी. त्याच वर्षी उत्खननाचा पैसा संपला. खड्ड्यावर प्लास्टिक टाकून माती लोटली, आन् थैल्या भरलेली पोती माझ्या मागच्या खोलीत आली. मॅडमचा अहवाल राहूनच गेला.

यंदा वैशाखात मॅडम आल्या. रिटायर झालेल्या, गुडघे माझ्यासारखेच गेलेले. पाणी प्याल्या आन् भिंतीले टेकून बसल्या.

"वत्सलाबाई, अर्धवट राहिलेली उत्खननं पूर्ण करायला अनुदान मिळतंय. हा माझा शेवटचा अर्ज. पण ती चौथ्या थराची थैली... वरच्या थराची खापरं तिच्यात कशी आली, हे मला इतकी वर्षं कळलेलं नाही. मीच खोदताना थर चुकवला असणार. अर्जात तसंच लिहिते. मग देतील की नाही, देव जाणे."

या बाईनं माझ्या पदराची चूक वीस वर्षं आपल्या डोक्यावर वाहिली होती! मी नुसती थैली आणाले उठले.

पोतं कोरडं ठणठणीत. वर बोटभर धूळ. थैलीची गाठ माझीच, चिठ्ठीही माझ्याच अक्षरातली. मॅडमसमोर तरटावर थैली सोडली, आन् हाताले गार लागलं.

आत दोन पुरचुंड्या होत्या. मी बांधल्या नव्हत्या. खापरं ओली, आत्ताच धुतल्यासारखी... पाणी तरटावर उतरत होतं. एका पुरचुंडीत तीन चिंचोके, दुसरीत चार.

मॅडमनं एकेक खापर उचलून पाहिलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एकही इकडचं तिकडं नाही. कुणी केलं हे?"

मंग मी सगळं सांगितलं. टोपल्या, पदर, गिरजा... सगळं. वाटलं, बाई आता उठून जाईल. पण त्या म्हणाल्या, "चहा ठेवता का हो?"

सून म्हणे, "आई, तुमीच कवातरी येगळे केले असान, इसरल्या."

"आन् पाणी?"

"पत्रा गळला असंन."

"वैशाखात? काय गळलं वं, ऊन?"

मले भांडाचं त्राण नाही आता.

मॅडमनं अर्जात टोपल्या कलंडल्याचं लिहिलं, ओल्या खापरांचं नाही. "ते लिहिलं तर मला वेड्यांच्या दवाखान्यासाठी अनुदान देतील," म्हणाल्या. मंजुरीचं पत्र अजून आलेलं नाही. आलं तर टेकाड पुन्हा उघडेल. नाही आलं तरी बाकीची पोती तपासून ठेवू, असं आमचं ठरलंय. मी रोज थोडी थोडी धुते. हात दुखतात.

कोणी केलं, कसं केलं... मले माहीत नाही. तुमाले सुचलं तर सांगा, पण लिहून नको. इथं या. शेलूबाजारले उतरा, जीपवाल्याले टेकाडाचं गाव म्हणा. खापरं धुताना माझ्या समोरची जागा मी मोकळी ठेवते, तिथं बसू नका. तुमच्यासाठी बाजूले दुसरं तरट टाकीन. लवकर या मात्र... पोती लय राह्यली आहेत.