आता किती दिसतोस, विचार ना

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. मंगळवारी सकाळी पावणेअकराला, घाटकोपरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात. करणारे तिघं: डॉक्टर, आई आणि मी.

फ्लूचा ताप उतरला होता. डोकं राहिलं होतं. "फुटतंय रे डोकं," ती म्हणायची. पण या शहरात कुणाचं फुटत नाही? पत्रकांची प्रुफं तपासताना मीही दिवसातून दहादा म्हणतो. आडवी झाली की जास्त कळवळायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. सकाळी उठल्या उठल्या उलटी. आई म्हणाली, "गो, आधी ती चाय बंद कर."

सोमवारी ती पार्लरला कामावर गेली आणि आयब्रो करताना एका बाईची अर्धी भुवई दोऱ्याने उडवली. मालकिणीने तिथल्या तिथे हाकललं. घरी येऊन म्हणाली, "दादा, चार भुवया दिसत होत्या. कुठली धरू?"

"झकास! मी पण दोन दिसतोय? मग एकाला पाव आणायला पाठव."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच केलं. "दोन-दोन दिसतात? नवरा एकच बघ हां!" आम्ही हसलो. आई तर जीव भांड्यात पडल्यासारखी हसली. बहीण एका डोळ्यावर हात धरून आमच्याकडे बघत होती. डोळ्याच्या आत बघायचा छोटा दिवा टेबलावरच पडून होता. डॉक्टरांनी तो उचलला नाही. अॅसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या.

शनिवारी तिला सगळं राखाडी दिसायला लागलं. मोठ्या इस्पितळात तसल्याच दिव्याने एका मिनिटात कळलं. कवटीच्या आत दाब वाढला होता, त्याने डोळ्यांच्या नसा सुजल्या होत्या. फ्लूनंतर क्वचित होतं असं. पाठीत सुई घालून पाणी काढलं, गोळ्या दिल्या. डोकं थांबलं. नजर आली नाही.

"मंगळवारी आणली असती तर बहुतेक वाचली असती नजर," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता बहीण खाटेवर बसून दोऱ्याचा फास बोटांत फिरवत असते. मी घरात शिरलो की आवाजाच्या दिशेने तोंड करते.

"दादा, आता किती दिसतोस, विचार ना."

मी विचारत नाही.

तुम्ही वाचताय ना? मग ऐका. फ्लूनंतर घरात कुणी म्हणालं, डोकं फुटतंय, आडवं झालं की जास्त, उलट्या होतायत, एकाचे दोन दिसतायत, तर दात काढू नका. त्याच दिवशी इस्पितळात न्या. आणि डोळ्यांच्या आत दिवा लावून बघितल्याशिवाय डॉक्टरसमोरची खुर्ची सोडू नका.