तिरकी घोडी

माझ्यामुळं एका माणसाला वाटलं की आपले कान गेले. तीन आठवडे तो तसं समजून जगला, आणि मला संशय असूनही मी गप्प बसलो. आज पन्नाशीला आलोय, तेव्हा कुठं हे लिहायला बसलोय.

आम्ही शहापूरचे विणकर. घरात दोन माग, एक आप्पांचा, एक माझा. लुगडी घेऊन मी जवळच्या लष्करी कॅम्पातल्या एका दुकानात जायचो. दुकानाच्या मागच्या खोलीत गोव्याचे एक मास्तर राहायचे, साहेबलोकांच्या क्लबातल्या नाचाला गिटार वाजवायचे. दुसरं महायुद्ध संपल्यावर विलायतेला परतणारा एक गोरा साहेब आपली विजेवरची गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारी पेटी त्यांना देऊन गेला होता. त्या गिटारीचे सूर ऐकत मी दुकानात उगाच रेंगाळायचो. एक दिवस मास्तरच म्हणाले, "दारात उभा राहून काय ऐकतोस? आत ये." तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

पुढं त्यांची आई आजारी पडली. गावी निघताना त्यांनी गिटार माझ्या हवाली केली. "माझी खोली ओल धरते. तुमच्या घरात रेशीम कोरडं राहतं, ही पण राहील. रोज कोरड्या फडक्यानं तारा पूस. बाकी काही करू नको."

मी बाकीचंच केलं. मास्तर परततील तेव्हा ती नव्यासारखी चमकली पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. साऱ्या तारा उतरवल्या, तशी घोडी अलगद माझ्या हातात आली. घोडी म्हणजे ज्या लाकडी पट्टीवरून तारा जातात ती. मास्तरांनी आईच्या औषधासाठी विकलेल्या जुन्या गिटारीची डिंकानं चिकटवलेली होती; ही नुसत्या तारांच्या दाबानं उभी होती. तिच्या जागी लाकडावर एक पुसट, किंचित तिरकी रेघ होती. मळ समजून मी ती खोबरेल तेलानं घासून काढली. मग गुण्या लावून घोडी अगदी काटकोनात बसवली. आमच्या धंद्यात तिरकं म्हणजे चूक. आडवा धागा जरा तिरका गेला तर व्यापारी लुगडं तोंडावर फेकतो. मला वाटलं, मी साहेबाची चूक दुरुस्त केली!

परतताना मास्तरांना कणकुंबीच्या रानात थंडीताप भरला. क्विनाईनच्या गोळ्या घेत कसेबसे पोचले; त्या गोळ्यांनी कान बिघडतात, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. पहिल्याच शनिवारी क्लबात गिटार खालच्या पडद्यांवर, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर, बरी वाजली, पण वर सरकतील तसा प्रत्येक सूर चढा येऊ लागला. पेटी तर लहान दोषही मोठा करून ऐकवायची. मास्तरांनी खुंट्या पिळल्या, तारा बदलल्या. मोकळी तार जुळायची, वरचा सूर जुळायचा नाही.

"क्विनाईननं कान गेले रे माझे," ते म्हणाले. "गिटार तीच, हात तेच. मग बिघडलं कोण?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते मला दारातून हाकलतील ही भीती, आणि त्याहून मोठी लाज. बाकी काही करू नको म्हणून त्यांनी बजावलं होतं, आणि मी घोडीच काढली होती. मी म्हणालो, "ताप उतरंल तसं कान बी सुधारतील, मास्तर." हे खोटं मला अजून टोचतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "विकून टाक. शनिवारी शेवटचं, कुणाची तरी मागून आणून वाजवतो. मग गावाला जातो. बहिऱ्यानं कशाला वाजवायचं?"

शनिवारला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी अमावास्या, माग बंद. मी गिटार घेऊन बसलो. आमच्या घरी वीज नव्हती, म्हणून लाकडाला कान लावून ऐकत होतो. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून छेडलं की घंटेसारखा सूर निघतो, हे मास्तरांनीच शिकवलेलं. तिथंच, बाराव्या पडद्यावर, तार दाबून वाजवली की तोच सूर यायला हवा. येत नव्हता. चढा येत होता.

मी रेशमाचा धागा घेतला. गळ्याच्या खुंट्यांकडच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत मापला, तोच पुढं घोडीपर्यंत धरला. धागा घोडीच्या पलीकडे गेला. म्हणजे मी घोडी अलीकडे बसवली होती. मापाप्रमाणं सरकवली. सूर जवळ आला, पण जुळला नाही, आणि जाड तारांचा तर बराच चढा राहिला.

बसल्या बसल्या नजर मागावर गेली. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा बोटानं दाबला की तो ताणला जातो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तारेचंही तेच! दाबली की ताणली जाणार, सूर चढणार. म्हणून तिला मापापेक्षा थोडी जास्त लांबी द्यायची, आणि जाड तारेला आणखी थोडी. मी जाड तारांकडची बाजू केसभर मागं सारली. ऐकलं. आणखी केसभर. घंटेचा सूर आणि दाबलेला सूर एक झाले. एकेक करत साही तारा जुळल्या. मी ओरडलोच.

आप्पा धावत आले. "काय झालं रं?" मग घोडीकडे बघून म्हणाले, "वाकडी बसवलास की! डोळं गेलं काय तुझं?"

"आप्पा, हितं वाकडंच बरोबर हाय!"

"माझ्या घरात असलं बोलू नगंस," म्हणत ते हसत आत गेले. तेव्हा मला ती पुसून टाकलेली रेघ आठवली. तीही अशीच तिरकी होती.

तसाच कॅम्पात गेलो. मास्तरांनी नको नको म्हणत पेटी लावली, बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं, छेडलं आणि थांबले. परत छेडलं. वरपर्यंत गेले, खाली आले. डोळे भरले त्यांचे.

"मास्तर, तुमचं कान कधीच गेलं नव्हतं. घोडी मी काढलती. तुम्ही परत आला तवापासनं मला संशय हुता."

मास्तरांनी तारांवर हात ठेवून सूर बंद केला. मग ते म्हणाले, "तीन आठवडे मला बहिरा केलास. चर्चमध्ये घंटा वाजली तरी मी दुसऱ्याला विचारायचो, बरोबर वाजली का रे?"

त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "घोडीच्या दोन्ही बाजूंनी रेघ मार. आणि ही पुसलीस तर हात तोडीन, मेल्या!"

शनिवारी त्यांनी मला क्लबात नेलं, वाजवणाऱ्यांच्या मागं स्टुलावर बसवलं. नाच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांदेखत गिटार माझ्यापुढं धरली. "तपास." मी बारावा पडदा दाबला, घंटेचा सूर काढला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. मग ते पार वरच्या पडद्यावर गेले, जिथं तीन आठवडे गेले नव्हते, आणि तिथूनच त्यांनी सुरुवात केली.